फक्कीचं गाव

राजनंदिनीला खरं तर एक चार्टपेपर लागणार होता. एकच, पांढरा. आणि स्केचपेनचा एक डबा, तोही मैत्रिणीकडून, तबस्सुमकडून, उसना. पुढं जे झालं त्यात ग्रामपंचायतीची तातडीची सभा बोलवावी लागली, दोन म्हाताऱ्यांचं बोलणं बंद झालं आणि मैदान आखायच्या पांढऱ्या फक्कीची पोती ट्रॅक्टरनं आणावी लागली. यात आपला काडीचाही दोष नव्हता, असं राजनंदिनी बरेच दिवस सांगत असे. आता सांगत नाही. आता कुणी विचारलंच तर ती म्हणते, "मला कलाकार व्हायचं होतं, तिथंच घोळ झाला."

गावाचं नाव इथं मुद्दाम दिलेलं नाही. सास्तूरपासून मोटारसायकलवर गेलात तर चहा पोटात गरम असेपर्यंत पोचता, एवढं पुरे. नाव दिलं की त्यापाठोपाठ कुणाकुणाची आडनावं यायला हवी होती आणि ती का आली नाहीत, यावर पुन्हा सभा भरेल.

तर राजनंदिनीला दहावीला भरघोस मार्क पडले होते. एवढे मार्क पडल्यावर मुलानं लातूरला जाऊन सायन्स घ्यायचं असतं, हा आमच्या भागातला निसर्गनियम आहे. राजनंदिनीनं गावाजवळच्या कॉलेजात आर्ट्स घेतलं. त्या आठवड्यात घरी लोक भेटायला येऊ लागले, कुणाच्या घरी काही वाईट झालं की येतात तसे. दारात चपला काढायचे, खाली मान घालून बसायचे आणि आईला हळूच विचारायचे, "पोरीची तब्येत बरी हाय न्हवं?" एका काकूंनी तर उपवास सुचवला. राजनंदिनी आतल्या खोलीतून हे सगळं ऐकत होती. मोठ्या कलावंतांना सुरुवातीला समाज ओळखत नाही, असं तिनं मनाला समजावलं. मनाला ते फारसं पटलं नाही.

तिचे पप्पा, म्हणजे कुमार, विजेच्या कचेरीत कारकून. बोलायला कमी, पण बोलले की हुकूम सुटल्यासारखं. ते म्हणाले, "एक वर्ष देतो. तुझ्या ह्या आर्टमधलं एक काम असं दाखव, की गावानं टाळ्या वाजवल्या पायजेत. वाजवल्या तर सायन्सचं नाव काढणार न्हाय. न्हाय वाजवल्या तर जूनला लातूर. परत अकरावीपासनं."

राजनंदिनी म्हणाली, "मान्य." हे तिनं इतक्या रुबाबात म्हटलं की पप्पांनी चष्म्यावरून तिच्याकडं एकदा पाहिलं. आपण काय मान्य केलं हे तिला रात्री अंथरुणात कळलं. आपलं गाव कुणासाठी टाळ्या वाजवत नाही. आमदार येऊन गेले तेव्हासुद्धा लोक हाताची घडी घालून उभे होते.

कॉलेजात इतिहासाला प्रकल्प असतो. भागवत सर इतिहास शिकवतात आणि प्रकल्पाला जीव की प्राण मानतात, पण मुलं सरांना थर्मोकोलचा किल्ला आणून देतात. हा किल्ला एकच आहे. तो गेली कित्येक वर्षं कपाटावर असतो आणि दरवर्षी नव्या विद्यार्थ्याच्या नावानं खाली उतरतो. एक बुरूज उंदरानं खाल्लाय, त्याला सर "शत्रूच्या तोफेचा मारा" म्हणतात. राजनंदिनीनं वर्गात उभं राहून सांगितलं की ती किल्ला करणार नाही. ती जुन्या गावाचा नकाशा काढणार आहे.

जुनं गाव म्हणजे त्र्याण्णवच्या भूकंपाच्या आधीचं. ते ओढ्याच्या पलीकडं होतं. आता तिथं दगडांचे ढीग आणि येड्या बाभळी आहेत. नवं गाव सरकारनं पट्टी लावून आखलं. रस्ते इतके सरळ, की या टोकाला भांडण लागलं तर त्या टोकाच्या माणसाला घरबसल्या दिसतं. जुनं गाव कसं होतं हे मात्र नव्या पोरांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हातारी माणसं आहेत तोवर विचारून घ्यावं, एवढीच साधी गोष्ट. पण साधी गोष्ट साधेपणानं सांगणं राजनंदिनीच्या स्वभावात नव्हतं. ती तबस्सुमला म्हणाली, "मी स्मृतीचं शिल्प घडवणार आहे."

तबस्सुम म्हणाली, "म्हंजी नकाशाच न्हवं?"

सुरुवात तिनं घरापासून केली आणि पहिली ठेच तिथंच लागली. पप्पा भूकंपाच्या वेळी शाळकरी होते. त्यांची आई त्यात गेली, एवढं राजनंदिनीला माहीत होतं. त्यापुढं घरात कुणी विचारायचं नसतं. तरी तिनं विचारलं, "पप्पा, आपलं घर कुठं होतं?" पप्पा म्हणाले, "होतं तिकडं," आणि वर्तमानपत्र उघडलं. ते वर्तमानपत्र कालचं होतं. तिनं पुन्हा विचारलं नाही, शेजाऱ्यांना विचारून घेऊ म्हणाली.

मग ती चार्टपेपर घेऊन मारुतीच्या पारावर गेली. तिथं वीरप्पा आज्जा आणि शिवप्पा आज्जा बसलेले असतात. जुन्या गावात दोघं एकमेकांचे शेजारी, नव्या गावात एक या टोकाला आणि एक त्या टोकाला. तरी दिवसभर पारावर सोबत, एकाच तंबाखूच्या चंचीत दोघांची बोटं.

"आधी आमचं घर काढ," वीरप्पा आज्जा म्हणाले. "मधोमध. मंग बाकीचं गाव त्याच्या भवतीनं बसतंय बघ."

"ह्याचं घर मधोमध?" शिवप्पा आज्जांनी तंबाखू थुंकून टाकली. "उकिरड्याला लागून होतं ते, पोरी. मधी आमचं होतं."

"उकिरडा तुमचाच होता."

"आनि दोन घराच्या मधला बोळ कुणाचा होता, त्ये सांग की तिला! आमच्या मोरीचं पानी जायचं त्यातनं."

तो बोळ भूकंपात दगडाखाली गेला होता. वाद मात्र धडधाकट बाहेर आला. दोघांनी चंची ओढाओढ करून तंबाखू वाटून घेतली आणि पाराच्या दोन कडांना एकमेकांकडं पाठ करून बसले. राजनंदिनीनं दोन म्हाताऱ्यांची तीस वर्षांची दोस्ती एका दुपारी मोडली होती आणि चार्टपेपरवर अजून एक रेघसुद्धा नव्हती.

बाकीच्यांचंही तेच. जो तो आपल्या उंबऱ्यापासून गाव सांगायला लागायचा आणि शेजाऱ्याच्या भिंतीपाशी थांबायचा. गावात जेवढे म्हातारे तेवढे मध्य निघाले. तबस्सुमचे आजोबा जैनोद्दीन चाचा शिंपी, त्यांनी मात्र रेघ न रेघ सांगितली, पण गिऱ्हाइकाच्या हिशोबानं. "ये घर में तीन पायजमे, उसके बाजू में एक शेरवानी, और कोपऱ्यावर ते परकर शिवून नेले पण परत आलेच न्हाईत, त्यांचं घर." राजनंदिनीनं हे सगळं ऐकून घेतलं आणि कागद संपला. मग तिनं ठरवलं की चार्टपेपर ही कल्पनाच कोती आहे. गाव जमिनीवर होतं, ते जमिनीवरच काढायचं. शाळेच्या मैदानावर, फक्कीनं, माणसाला आत चालता येईल एवढं मोठं. प्रजासत्ताक दिनाला झेंडावंदन झालं की अख्खं गाव मैदानावर असतंच. गाव बघेल, थक्क होईल आणि टाळ्या वाजवेल. तिला त्या टाळ्या ऐकूसुद्धा यायला लागल्या.

आता एवढं मोठं काम म्हणजे सरकारी नकाशा हवा. ती तालुक्याच्या ठिकाणी मोजणीच्या कचेरीत गेली. तिथल्या साहेबांनी शांतपणे ऐकलं आणि समजावून सांगितलं, की जुन्या गावाचा नकाशा देता येत नाही, कारण ते गाव आता नाही. नव्या गावाचा देता येतो, पण तो तू मागितलेला नाहीस. राजनंदिनी म्हणाली, मग नव्याचा मागते. साहेब म्हणाले, "मग अर्ज चुकला. सोमवारी ये." सोमवारी साहेब रजेवर होते.

मैदानासाठी ग्रामसेवकांची परवानगी काढायची होती. तिनं अर्जात मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, "जुने गाव पुन्हा उभारण्याची परवानगी मिळणेबाबत." ग्रामसेवकांच्या कपाळाला घाम आला.

"गाव उभारायची परवानगी मला न्हाय देता येत, बाई. जिल्ह्याला पाठवावं लागंल. तुला नेमकं करायचंय काय?"

तिनं स्मृतीचं शिल्प समजावलं. ग्रामसेवक ऐकून हलके झाले. "मंग रांगोळी लिही की! रांगोळीला कुणाची परवानगी लागत न्हाय."

तिनं स्वतःच्या हातानं "स्मृतिशिल्प" खोडून "रांगोळी" लिहिलं. त्या क्षणी आपल्या कलाजीवनाला पहिला अपमान सोसावा लागला, असं तिला वाटलं. तबस्सुम म्हणाली की पहिला नव्हे, पण तिनं आकडा सांगितला नाही.

खरा गोंधळ टेपानं केला. मैदान मोजायला राजनंदिनीनं जैनोद्दीन चाचांचा कपडे मोजायचा टेप आणला. दोघी मैदानावर वाकून टेप धरताहेत, हातात कागद आहे, हे रस्त्यावरून जाणाऱ्या कुणीतरी पाहिलं. भूकंपानंतर गावात टेप आणि कागद घेऊन बरीच माणसं येऊन गेली होती, आणि त्यातून गावानं एक शहाणपण कायमचं घेतलं होतं: टेपवाल्या माणसाला दोन खोल्या जास्त सांगायच्या. कागदावर न घातलेली खोली कधीच मिळत नाही, घातलेली कधी ना कधी मिळते. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की जुन्या गावाची नव्यानं मोजणी लागली आहे, कुमारच्या पोरीला वरून काम मिळालंय, आणि ती उगाच आर्ट्सला गेली नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून राजनंदिनीच्या घरी धपाटे येऊ लागले. खवा आला. हुरडा आला. उपवास सुचवणाऱ्या काकू दही घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "बाई, आमाला पहिल्यापासनं म्हाईत होतं, आर्टमधी लई वाव हाय. ते आमचं माळवदाचं घर होतं न्हवं, त्याच्या मागं अजून दोन खोल्या होत्या. घाल तेवढ्या." राजनंदिनी जीव तोडून सांगत होती की हा कॉलेजचा प्रकल्प आहे, कुणाला काहीही मिळणार नाही. लोक डोळा मिचकावून म्हणायचे, "तसंच सांगायचं असतंय." पप्पांना तर कचेरीत वीजबिलाच्या खिडकीतून लोक कानात खोल्या सांगू लागले. घरी येऊन ते एवढंच म्हणाले, "जून लांब न्हाय."

शेवटी तातडीची सभा झाली आणि ठराव झाला, की ज्यानं जे सांगितलं ते सगळं नकाशात यावं, उगाच कुणावर अन्याय नको. राजनंदिनीला स्वतःचं मत होतं, पण तिला ते कुणी विचारलं नाही. आणि खरं सांगायचं तर हुरडा तिनं खाल्ला होता.

पंचवीस जानेवारीला दिवसभर दोघींनी ट्रॅक्टरनं आलेली फक्की मारली. केस, भुवया, पापण्या सगळं पांढरं. वीरप्पा आज्जांचं घर मधोमध आलं, शिवप्पा आज्जांचंही मधोमध आलं. सगळ्यांच्या सगळ्या खोल्या घातल्यावर मैदान गोलपोस्टपासून झेंड्याच्या ओट्यापर्यंत खोल्यांनीच भरलं. पप्पांचं घर तिनं शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून एका बाजूला काढलं, दोन खोल्या आणि ओसरी. अगदी शेवटी तिच्या लक्षात आलं, की हरणाबाई आज्जीचं घर राहिलं. हरणाबाई शेरडं घेऊन दिवसभर रानात, त्यामुळं तिला कुणी विचारलंच नव्हतं, आणि तिनंही धपाटे पाठवले नव्हते. राजनंदिनीनं उरल्या कोपऱ्यात, झेंड्याच्या ओट्याला टेकून, एक चौकोन काढला, त्याला चिकटून एवढासा गोठा काढला आणि आपली चूक आपणच माफ करून टाकली.

झेंडावंदन झालं. जिलेबी वाटली. भागवत सरांनी मोबाईल उंच धरला आणि राजनंदिनी भाषणाला उभी राहिली. तिनं भाषण पाठ केलं होतं. "मित्रहो, स्मृती म्हणजे..." एवढं झालं आणि वीरप्पा आज्जा ओरडले, "बोळ कुठाय गं?"

बोळ नव्हता. दोघांच्या वाढीव खोल्यांनी तो खाल्ला होता. शिवप्पा आज्जा तडक आपल्या चौकोनात जाऊन उभे राहिले आणि वीरप्पा आज्जा आपल्या. मग जो तो आपापल्या खोल्या राखायला धावला. कुणी शेजाऱ्याची भिंत पायानं पुसली, त्यानं ह्याचा गोठा पुसला. "ही खोली तुमची कवापासनं?" "भूकंपाच्या आदीपासनं!" "तवा तुमचं लगीनबी झालं नव्हतं!" दही देणाऱ्या काकू आपल्या चौथ्या खोलीत मांडी घालून बसल्या होत्या आणि उठायला तयार नव्हत्या. फक्कीचा एवढा धुरळा उडाला की सरांच्या मोबाईलमध्ये पांढऱ्याशिवाय काही दिसेना. राजनंदिनी माइक धरून उभी होती. तिला अगदी स्पष्ट दिसलं, की लातूरला खोली कुठं बघावी लागेल. पप्पा मैदानाच्या कडेला, शर्टावर तिरंगा लावून, हाताची घडी घालून उभे होते.

तेवढ्यात शेरडांचा आवाज आला. हरणाबाई रानाकडं निघाली होती. ती मैदानाच्या कडेला थांबली, काठीवर हनुवटी टेकून सगळं बघत.

"काय हाय गं हे?"

"जुनं गाव, आज्जी," राजनंदिनी म्हणाली. माइक चालू होता, त्यामुळं तिचा रडवेला आवाज गावभर गेला. "तुमचं घर तिकडं आहे. ओट्यापाशी."

हरणाबाईनं काठी उचलली, एक पाऊल टाकलं आणि थांबली. बाकी सगळे घराघरांतून आडवेतिडवे पळत होते. ती थांबली.

"वाट कुठाय?" ती म्हणाली. "समदी घरंच हायत. मंग म्या यायची कुनीकडनं?"

तिनं काठीनं मधल्या रेघा दाखवल्या.

"वीरप्पा, तुज्या आनि शिवप्पाच्या मधला बोळ कुठाय? रोज दुधाची चरवी घिऊन त्यातनंच यायची की म्या. तुमची भांडनं ऐकतच जलम गेला माजा."

वीरप्पा आज्जांनी खाली बघितलं. मग एक पाय पुढं करून आपल्याच भिंतीची रेघ पुसली. "ही खोली न्हवती," ते म्हणाले. "भुईमुगाच्या शेंगा वाळत घालायची जागा होती."

वीरप्पानं एक खोली सोडली म्हटल्यावर शिवप्पा आज्जांना दोन सोडणं भाग पडलं. "आमच्या ह्या दोनबी न्हवत्या," ते जोरात म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. तिसरीवरही त्यांचा पाय गेला होता, पण ती खरी होती म्हणून मागं घेतला. मग चुरसच लागली. आतापर्यंत खोल्यांसाठी भांडणारी माणसं खोल्या सोडण्यासाठी एकमेकांवर कडी करू लागली. कुणी गोठा सोडला, कुणी न्हाणी. काकू मांडी मोडून उठल्या आणि बूड झटकत म्हणाल्या, "चार कुठल्या, दोनच होत्या. आनि त्याबी गळायच्या." एकेक खोली पुसत गेली तसतशी घरांमधून वाट निघत गेली, वाकडी, अरुंद, आता नसलेल्या दगडाला वळसा घालणारी. राजनंदिनीला कुणी काही विचारत नव्हतं. पण आपल्याला काढायचा होता तो नकाशा आपल्याशिवाय निघतोय, हे तिला दिसत होतं.

हरणाबाई त्या वाटेनं निघाली. बोळाशी पदर आवरून घेतला, कुठल्याशा कोपऱ्यावर उगाच बाजूला झाली, जशी समोरून गाडी येतेय. आपल्या चौकोनापाशी आली, पायातल्या चपला काढल्या, आणि दार बुटकं असल्यासारखी वाकून आत गेली.

मैदानावर शेरडंसुद्धा ओरडायची थांबली, असं राजनंदिनी सांगते. ते खरं नसावं. पण पुसापुशी थांबली, हे खरं. मग वीरप्पा आज्जांनी चप्पल काढली. मग इतरांनी. जी माणसं आत्ता रेघा तुडवत होती ती बाहेर येऊन, पुन्हा दारातून, वाकून आत जात होती. जैनोद्दीन चाचा आपल्या दुकानाच्या चौकोनात बसून हातानं नसलेलं मशीन फिरवत होते. बारकी पोरं हसायला लागली, त्यांना आयांनी गप्प केलं.

"गोठा बारका काढलाय गं!" हरणाबाई आतून ओरडली. "आमचा गोठा लई मोटा होता!"

कुणीही टाळ्या वाजवल्या नाहीत. राजनंदिनीनं वाट पाहिली. सगळे आपापल्या घरात होते, टाळ्या वाजवायला बाहेर कुणी उरलंच नव्हतं. तिनं माइक बंद केला. मग तिला मैदानाच्या कडेला पप्पा दिसेनात.

ते घरात होते. दोन खोल्या आणि ओसरी. कचेरीचे काळे बूट ओसरीबाहेर नीट जोडीनं ठेवलेले, आणि पप्पा मोजे घालून आतल्या खोलीत उभे. राजनंदिनी रेघेच्या अलीकडं थांबली. तिला रडू आलं होतं आणि ते लपवायचा कंटाळाही आला होता.

"टाळ्या न्हाय वाजल्या, पप्पा."

पप्पा भिंतीच्या रेघेकडं बघत होते.

"देवळी न्हाय काढलीस," ते म्हणाले. "इथं देवळी होती. आई रॉकेलची चिमणी ठेवायची त्या कोनाड्यात. मी खाली बसून पाढे म्हणायचो."

"तुम्ही सांगितलीच न्हाय कधी."

"न्हाय सांगितली." पप्पांनी हात पुढं केला. "आण ती फक्की."

तिनं फक्कीची पाटी दिली. पप्पा कडक इस्त्रीच्या पँटमध्ये गुडघ्यावर बसले आणि मूठ मूठ फक्की सोडत देवळी काढू लागले. पहिली वाकडी आली, ती पुसून पुन्हा काढली. शर्टावरचा तिरंगा पांढरा झाला. मग त्यांनी चुलीची जागा काढली, मग पाण्याच्या रांजणाची. नाक हातानंच पुसलं, त्यामुळं मिशी पांढरी झाली. तसेच ते वळले आणि त्यांना दिसलं की लेक अजून बाहेरच उभी आहे.

"आत ये की," ते म्हणाले. "बस हितं. लई सांगायचं हाय. जूनपर्यंत काय संपत न्हाय हे."

राजनंदिनीनं चपला काढल्या, पप्पांच्या बुटांशेजारी ठेवल्या आणि वाकून आत गेली.